काळी सायकल

धोंडबाची सायकल घरातून गेली त्या दिवशी नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत खीर वाटली होती. लोक गाडी आली की पेढे वाटतात. धोंडबाने सायकल गेली म्हणून खीर वाटली. जन्मभर तिच्यावर बसून तो कळमन्याच्या बाजारात हमालीला गेला. जाताना डोळ्यांत झोप, येताना अंगात ताप आणि मधे पाठीवर पोती. प्रशिक पाळण्यात होता तेव्हा इंदूबाई त्याच्या कानाशी गुणगुणायची,

बाप पायडल मारी, ऊन भाजते माथ्याले,
असं चाक नको बाई माह्या लेकाच्या पायाले.

आणि खरंच, लेक इंजिनिअर झाला. मिहानमधल्या कंपनीत लागला, हप्त्यावर का होईना, चारचाकी दारात आली. भंगारवाला सायकल घेऊन वळणाआड झाला तेव्हा धोंडबाने अंगावरची धूळ झटकावी तसे हात झटकले.

म्हणून एके रात्री जेवताना प्रशिक म्हणाला, की मी सायकल घेतो आहे, रोज ऑफिसला तिच्यावरच जाईन, तेव्हा धोंडबाचा घास हातातच राहिला.

"काहून गा? नोकरी गेली का?"

नोकरी नव्हती गेली. पण त्या नोकरीत प्रशिक अजून पाहुण्यासारखाच होता. त्याचा साहेब पुष्कर आणि साहेबाच्या बरोबरचे चार-पाच जण पहाटे अजनी चौकात जमत आणि वर्धा रोडने सायकली हाणत ऑफिसला जात. कोणतं काम कोणाला द्यायचं, परदेशी कोणाला धाडायचं, सगळं त्या रस्त्यावरच ठरे. प्रशिक गाडीतून गारेगार पोचायचा तोवर सगळं शिळ्या भाकरीसारखं निवून गेलेलं असे. कोणी त्याचा अपमान केला नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. त्याला त्या रस्त्यावर त्यांच्या बरोबरीने असायचं होतं, बस. एवढं सगळं बापाला कसं सांगणार? तो म्हणाला, मोठे साहेब लोक आता सायकलीनेच जातात बाबा, फॅशन आहे.

धोंडबा हसला. "आमी गेलो त हमाल. थे गेले त फॅशन."

तरी रविवारी तो लेकाबरोबर धरमपेठेतल्या दुकानात गेला. काचेचं दुकान, आत थंडगार हवा, दिव्यांखाली सायकली अशा उभ्या की नवरदेवाच्या घोड्यांनी लाजावं. विकणारा पोरगा आधी बॅटरीवाल्या दाखवायला निघाला. प्रशिकने मान हलवली. बॅटरीवाल्यांना पुष्कर 'म्हाताऱ्यांच्या गाड्या' म्हणायचा. मग दोन उरल्या. एक लाल. वाकड्या हँडलची, बारीक टायरची, ना मडगार्ड ना कॅरियर. उभी असूनही पळत असल्यासारखी. दुसरी काळी, बाहेरच्या देशातली. ताठ बसायची सीट, चेनीवर पुरतं झाकण, चाक फिरलं की आपोआप लागणारा दिवा, चाकाच्या पोटात लपवलेले गिअर आणि मागे जाड पोलादी कॅरियर. दुकानात तिच्याएवढी महाग दुसरी नव्हती. रोजच्या येण्याजाण्याला हीच, तो पोरगा म्हणाला. पॅन्टला डाग नाही, चिखल उडत नाही, लॅपटॉप मागे बांधा अन् निघा.

प्रशिक तिच्यावर बसला. पाठ सरळ झाली, हात हँडलवर असे पडले जसे रोजचेच. आणि त्या काळ्या रंगाकडे बघून त्याला वाटलं, बाबांचीही काळीच होती. बाबांना बरं वाटेल.

इथेच तो चुकला. त्याला जी आठवण वाटली तो धोंडबाच्या पायाचा घट्टा होता.

"लाल घे," धोंडबा म्हणाला.

"बाबा, ती रोजच्या कामाची नाही."

"म्हणूनच म्हणून राहिलो. कामाची दिसली का लोक काम सांगतात."

प्रशिक हसला. काळी घेतली.

पहिल्या दिवशी अजनी चौकात सगळ्यांनी त्याला मधे घेतलं. पुष्करने सायकलीभोवती फेरी मारली, एकदम क्लासिक म्हणाला. त्यांच्यातल्या वेदिकाने घंटी वाजवून पाहिली. वर्धा रोडचं वारं त्या दिवशी प्रशिकला आपल्या नावाने हाक मारतंय असं वाटलं. विमानतळाच्या वळणावर पुष्करने त्याला चक्क एका कामाबद्दल त्याचं मत विचारलं. ते मत प्रशिकने संध्याकाळपर्यंत मनात कितीदा तरी पुन्हा दिलं.

मग एकदा पुष्करचा ड्रायव्हर आला नाही. सगळ्यांच्या कपड्यांच्या, लॅपटॉपच्या बॅगा तोच गाडीतून मागोमाग आणायचा. ऑफिसात अंघोळ, मग इस्त्रीचे कपडे, असा त्यांचा रिवाज. पुष्करने सगळ्यांच्या सायकलींवर नजर फिरवली आणि ती काळीवर थांबली.

"प्रशिक, तुझ्याकडे कॅरियर आहे ना यार. आजच्या दिवस."

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी आला, पण बॅगा प्रशिकच्याच कॅरियरवर राहिल्या. गाडी उगाच कशाला जाळायची, पर्यावरणाचं बघायला नको का, असं पुष्कर म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं. ओझ्याने प्रशिक मागे पडू लागला. पुढे चाललेल्या बोलण्यातलं फक्त हसू वाऱ्याबरोबर त्याच्यापर्यंत येई. तो पोचायचा तेव्हा मंडळी अंघोळी उरकून टॉवेल गुंडाळून दारात उभी. "आला बाबा एकदाचा," पुष्कर म्हणायचा, अगदी प्रेमाने.

नाही म्हणायचं वाक्य प्रशिक रोज सक्करदऱ्यापासून तोंडात घोळवत न्यायचा आणि अजनी चौकात गिळायचा. नाही म्हटलं तर ते रागावले नसते. फक्त पुन्हा विचारलं नसतं.

घरी धोंडबा विचारी, तेव्हा तो सांगे, असतो ना सोबत बाबा, गप्पा चालतात. आणि धोंडबा ते गल्लीभर नेऊन पोचवी. लाल-काळीचं भांडण तो विसरला होता. शेजारचा प्रेमानंद चिडवायचा, की सायब लोकाइच्या सोबत तुहा पोरगा, हे आमी तुह्याच तोंडून ऐकतो फक्त.

एका पहाटे प्रशिक चौकात बॅगा बांधत होता. आता कोणी विचारतही नव्हतं. पुष्कर फोनवर बोलता बोलता त्याच्याकडे न बघता बॅग कॅरियरवर ठेवून गेला, तिच्यावर वेदिकाने ठेवली, तिच्यावर आणखी कोणी. दोरीला गाठ मारून त्याने मान वर केली, आणि रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी धोंडबा दिसला. इस्त्रीचा पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस. लग्नाला निघाल्यासारखा.

नजरेला नजर मिळाली. पळभरच. मग धोंडबाने पाठ फिरवली आणि टपरीवरचा चहाच्या दरांचा फळा वाचू लागला. धोंडबाला वाचता येत नाही.

"चला," पुष्कर म्हणाला.

प्रशिक निघाला. वळून पाहिलं तेव्हाही धोंडबा फळाच वाचत होता.

संध्याकाळी तो गल्लीत शिरला तेव्हा ओट्यावर माणसं बसली होती. तो सायकलीवरून उतरला आणि अंधारातच उभा राहिला. प्रेमानंद विचारत होता, "मंग? गेला होता ना गा पाहाले? दिसला का सायब लोकाइत?"

"दिसला ना," धोंडबा म्हणाला. "साऱ्याइच्या पुढे होता. थे मांगंच राहिले."

कोणीतरी वा म्हणालं. इंदूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिचा चेहरा असा फुलला की प्रशिकने मान खाली घातली. मलेही न्या एखाद्या दिवशी, ती नवऱ्याला म्हणाली, मीही पाहीन माह्या लेकाले.

धोंडबाने तिच्या हातातून तांब्या घेतला. सगळं पाणी सावकाश प्याला.

"तुले नाही दिसायचा वं," तो म्हणाला. "लय जोरात जाते थो."