मैनेच्या बाजूनं झिजलेली वीट

गोठ्याच्या मधोमध आढ्याला चाटण टांगलेलं होतं. चाटण म्हणजे मिठाची आणि खनिजांची तांबूस वीट, भोकातून दोरी ओवलेली. नुसत्या कडब्यात जे नसतं ते ढोरांना त्यातून मिळतं. डॉक्टरनं सांगितलं म्हणून कडूबानं ती चिखलीहून आणली होती. पंधरा दिवसांत वीट एका बाजूनं चांगली खोलगट झाली. एखाद्याला आनंद झाला असता. पण वीट झिजली होती ती रिकाम्या खुंट्याच्या बाजूनं.

डावीकडच्या खुंट्याला कालवड असायची. तिचं दावं विटेच्या डाव्या अंगापर्यंतच पुरायचं, आणि त्या अंगाला तिनं जीभही लावली नव्हती. मेंढरं खाली, त्यांची तोंडं तिथवर पोचायची नाहीत. उजवा खुंटा मैनेचा, कालवडीच्या आईचा. मैना आषाढात मेली. ढोर मेलं की दहाव्या दिवशी खुंटा उपटायचा अशी कडूबाच्या घरची रीत. सात महिने झाले तरी या खुंट्याला हात लावायची त्याची छाती झाली नव्हती.

दिवसभर कालवड आणि मेंढरं माळावर, गोठ्याला कडी. संध्याकाळी येऊन पाहावं तर वीट उजवीकडून ओली. कडूबानं एकदा बोट लावलं, तर ओल कोमट लागली. त्यानं वीट फिरवून बांधली. दुसऱ्या दिवशी ती परत त्याच बाजूनं ओली. मग एकदा तो भर दुपारी माळावरून एकटाच परतला आणि दाराशी उभा राहिला. आतून खरखर ऐकू येत होती, खरबरीत जीभ सावकाश फिरावी तशी. त्यानं कडी काढली. आत कुणी नव्हतं. दोरी हलत होती आणि बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. कडूबा भ्यायला, आणि ते त्यानं स्वतःपाशीही कबूल केलं नाही.

त्याची बायको रेणुका मात्र भ्यायली नाही. मैनेला तिनंच वाढवली होती. एक शिंग वाकडं, अंगानं उंच आणि महा हावरट गाय. गव्हाणीत दुसऱ्याचं तोंड तिला खपायचं नाही, पोटच्या कालवडीलासुद्धा शिंगानं ढोसून मागं सारायची.

"मैनाच येते," रेणुका एका संध्याकाळी म्हणाली. "पण तिले तं पान लागलं होतं ना? साप चावून मेलेल्या ढोराचा जीव असा काऊन अडकून राहीन?"

कडूबा दावं सोडवत बसला. ते दावं बांधलेलं नव्हतंच.

पान लागलं, ही त्याचीच थाप. खरं असं होतं की गेल्या पावसाळ्यात त्यानं मोबाईलवर पाहून घरीच चाटण केलं होतं. गुळाची मळी, कोंडा, मीठ, थोडं सिमेंट आणि युरिया. वीट टांगून ठेवा, पाणी लागू देऊ नका, पाण्यात विरघळलेला युरिया ढोराला विष, हे त्यानं ऐकलं होतं. पण टांगायचा कंटाळा केला आणि वीट गव्हाणीत ठेवून दिली. वरचं टिन गळकं. रात्रीच्या पावसात युरिया विरघळला आणि सकाळी मैना ते गोड पाणी गटागटा प्यायली. तासाभरात ती फेस गाळत, पाय झाडत खुंट्याशी आडवी झाली. रेणुका तेव्हा माहेरी होती. ती रडत आली, तेव्हा कडूबाच्या तोंडून साप निघून गेला, आणि पुढं तो मागं घेता आला नाही. दुसरी तशीच वीट उरली होती. तीसुद्धा फेकायला जीव झाला नाही. पोत्यात गुंडाळून त्यानं ती माळ्यावर टाकली.

इकडं कालवड आठ महिन्यांची गाभण, आणि भिंतीची माती चाटायची, पोती चघळायची. एकदा तर तिच्या तोंडातून हाडूक काढावं लागलं. डॉक्टर म्हणाला, चाटण पोटात गेलं नाही तर वासरू धड येणार नाही, आणि कालवडही उठायची नाही. म्हणून फाल्गुनात कडूबा दुसरं काही औषध मिळतं का ते पाहायला चिखलीला गेला. परतताना जीपमध्ये असतानाच आभाळ काळं झालं आणि रेणुकाचा फोन आला.

ती मेंढरं घेऊन शेजारच्या मोतीरामच्या मळ्यात अडकली होती. धो धो पाऊस होता, म्हणाली. पण काळजी करू नका, कालवड गोठ्यातच बांधली आहे.

"आन् माळ्यावर जुनी वीट सापडली, ते ठेवली तिच्यापुढं गव्हाणीत," ती म्हणाली. "लगेच चाटाले लागली, बापा. तुमाले कसं नाही आठवलं?"

कडूबाला गव्हाणीवरचं गळकं टिन आठवलं. पळत जा आणि वीट उचल, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की ती काऊन विचारणार, आणि जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून गावातलीच माणसं बसलेली.

"मी येऊनच राह्यलो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन मिनिटांनी लाज वाटून त्यानं परत लावला. तेव्हा फोन लागेना.

जीपमधून उतरून तो चिखलातून धावत गोठ्याशी पोचला, तेव्हा रेणुकाही मेंढरं घेऊन येत होती. त्यानं दार ढकललं. टिनातून धार अजून नेमकी गव्हाणीत पडत होती. गव्हाण मात्र रिकामी होती. वीट नव्हती, पाणी नव्हतं, कडेपर्यंत सगळं चाटून पुसून साफ. कालवड दावं ताणून पार भिंतीला चिकटून उभी होती, थरथरत, पण धड. तिच्या मानेवर ओरखडा होता, ताजा, वाकडा.

उजव्या खुंट्याभोवतीची जमीन खुरांनी उकरलेली होती, आणि मधे पांढरा फेस, अजून फसफसणारा. आठ महिन्यांपूर्वी मैनेच्या तोंडचा असाच फेस कडूबानं राखेनं झाकला होता, अगदी त्याच जागी.

"हे काय व्हय?" रेणुकानं विचारलं.

मग त्यानं सांगितलं. मान खाली घालून, युरियापासून सापापर्यंत सगळं. फोनवर गप्प राहिला तेही. सांगून झाल्यावर रेणुका खुंट्याशी बसली आणि फेसावर हात ठेवला.

"म्हंजे आज मैनेले म्या मारली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कालवड टांगलेली वीट चाटायला लागली, तिच्या स्वतःच्या बाजूनं. चैत्रात ती व्यायली, आणि वासरू धडधाकट झालं. खुंटा रेणुकानं उपटू दिला नाही. कडूबा रोज संध्याकाळी विटेच्या उजव्या अंगाला हात लावून पाहतो. ते कोरडं असतं.