माझ्या हिरड्या बघा

मित्रांनो, मी आळशी नाही. हे आधी ऐकून घ्या, बाकीचं नंतर.

मी एक बीगल कुत्री आहे. वय तीन वर्षं, राहणार कारेलीबाग, बडोदे. मोहनरावांनी मला एका विक्रेत्याकडून त्यांच्या लेकीसाठी, अवंतीसाठी, आणलं आणि नाव ठेवलं बिजली. नाव ठेवून ते मोकळे झाले, धावायचं मला होतं. जिना चढताना माझी छाती भात्यासारखी चालायची. मी मध्येच बसायचे. सोसायटीतली पोरं ओरडायची, "बिजली गुल!" अवंतीची आई प्रेमलाबाई म्हणायच्या, "खाऊन खाऊन माजलीय." मोहनराव पट्टा ओढायचे.

मग कोणालातरी माझ्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या. घरात अशक्त मुलींना देतात तेच मला सुरू झालं. खजूर, बीट आणि वर लोहाचं औषध. मी मुकाट गिळलं. शेवटी अवंतीने हट्ट धरून मला डॉक्टरांकडे न्यायला लावलं.

"लोह कमी नाहीये हिच्यात, उलट साठतंय," रक्त तपासून डॉक्टर म्हणाले. "ते औषध बंद करा, यकृत खराब होईल. हिच्या तांबड्या पेशी जन्मापासून कच्च्या आहेत, लवकर फुटतात. हे आईबाप दोघांकडून येतं. ते स्वतः धडधाकट दिसतात, पण दोष पुढे देतात. हिला पिल्लं होऊ देऊ नका. हिला झेपणार नाही, आणि पिल्लांतही हे उतरेल."

मोहनरावांनी जाब विचारायला विक्रेत्याला फोन लावला. तो हसला. "अरे मोहनभाई, एक वार बच्चां थवा दो, लोही आपोआप भराई जशे!" एकदा पिल्लं झाली की रक्त आपोआप भरतं म्हणे! मोहनरावांना हे डॉक्टरांपेक्षा पटलं. आपल्याला हवं तेच बोलणारा माणूस लगेच पटतो.

रविवारी विक्रेता एक रुबाबदार कुत्रा घेऊन दारात हजर. मी वासावरून ओळखलं, अवंतीने तोंडावरून; मला आणायला गेली तेव्हा तिने त्याला पाहिलं होतं.

"बाबा, हा बिजलीचा बाप आहे!"

"असू दे गं. कुत्र्यांत कुठे नाती बघतात?"

"आणि दोष? तो यानेच दिलाय ना तिला?"

"याने? बघ तरी, घोड्यासारखा आहे!"

तो घोडा माझ्याकडे सरकला. पाय लटपटत होते, तरी मी उठले. ओठ मागे ओढून सगळे दात दाखवले आणि अशी गुरगुरले की प्रेमलाबाईंच्या हातातला चहा सांडला. त्यानेही दात विचकले. दोन जबडे समोरासमोर. त्याच्या हिरड्या गुलाबी, माझ्या चुन्यासारख्या.

मोहनरावांची नजर त्याच्या हिरड्यांवरून माझ्या हिरड्यांवर आली. मग म्हणाले, "न्या याला."

"पण मोहनभाई..."

"न्या म्हटलं ना!"

मित्रांनो, मी फार वर्षं जगणार नाही. रडू नका, चिडा. तो माणूस अजून पिल्लं विकतो, आणि लोक लांब कान बघून भुलतात. तुम्ही पिल्लू घ्यायला गेलात तर आधी आईबापांच्या रक्ताची तपासणी मागा. टाळाटाळ केली तर हात हलवत परत या. दमलेल्या कुत्र्याला माजलेलं म्हणण्याआधी त्याचं तोंड उघडून बघा. माझी कीव करू नका. हा आजार माझ्या पोटातून पुढे जाणार होता. मी जाऊ दिला नाही.