बिनचामड्याची थाप

चढ

उमरग्यात हमरस्त्याच्या कडेला मच्छिंद्रचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुष्काळात रस्त्यानं दिवसभर पाण्याचे टँकर जायचे, वीज जायची, गिऱ्हाईक यायचं नाही. रिकाम्या वेळात मच्छिंद्र ट्रकच्या बॅटरीवर आवाज बनवत बसायचा.

रद्दीतल्या एका विलायती मासिकात तसल्या यंत्राचा नकाशा सापडला होता. एका डब्यातून नुसता आवाज निघतो, सरळ, न थांबणारा. दुसरा डबा त्याला आकार देतो. आवाज किती झपकन चढावा, किती उतरावा, कुठं टिकावा, कसा विरावा, त्याची चार बटणं. पण नकाशातलं यंत्र दर खेपेला सारखंच वाजायचं. मच्छिंद्रला हळू थापेला हळू आणि जोराच्या थापेला ताडकन उठणारा आवाज हवा होता. त्यानं जुन्या टेलिफोनच्या बोलायच्या टोकातली कार्बनची डबी काढून तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणला. बोटाचा दाब वाढला की चढ तीव्र व्हायचा.

हे सगळं बब्रुवानसाठी चाललं होतं. त्याची भीमगीतांची पार्टी होती आणि जयंतीचा कार्यक्रम तोंडावर आला होता. त्याला डफड्याचा ठेका हवा होता, डफडं नको होतं. धर्मांतराच्या साली वस्तीनं दवंडीचं डफडं टाकलं, त्याला पंचवीसेक वर्षं झाली. ते आता स्टेजवर कोण नेणार? बिनचामड्याचा ठेका दे, स्टेजवर तुझं नाव घेतो, असं तो म्हणाला होता. मच्छिंद्रला दुसरं काही नको होतं.

"तुझ्या डब्याला उचकी लागलीय लेका," पहिल्यांदा ऐकून बब्रुवान म्हणाला होता.

उतार

कंडेन्सर बदलून झाले. आवाजाची शेपूट लांबायची, किंवा थाप पत्र्यावर पडल्यासारखी व्हायची.

मग एका दुपारी जमलं. आवाज एकदम चढला, लगेच पडला, डाव्या हाताच्या बोटांनी दाबल्यासारखा थोडा थांबला. लहानपणी गावाकडं ऐकलेला, तोच. मच्छिंद्रला वाटलं होतं, जमल्यावर आनंद होईल. झाला नाही. त्यानं पुन्हा वाजवून पाहिलं.

टिकाव

मागच्या खोलीत त्याचा म्हातारा बाप कोंडिबा बाजेवर पडलेला असायचा. हल्ली त्याला कधी भान असायचं, कधी नसायचं. डफडं टाकण्याआधी गावात दवंडी तोच द्यायचा.

थाप ऐकून तो मागच्या दारानं वळसा घालून दुकानाच्या पुढं आला. डोक्याला पटका बांधला होता. पायरीखाली उन्हात थांबला, वहाणा काढून हातात घेतल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "जी. काय सांगायचं गावाला?"

"काय न्हाय, बाबा. आत चला."

"रिकामं कशाला वाजवत्याल?" कोंडिबा म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

मच्छिंद्र पायरी उतरून त्याच्या समोर गेला, त्यानं आपलं नाव सांगितलं. कोंडिबानं वर पाहिलं नाही. शेवटी बनाबाईनं येऊन नवऱ्याचा दंड धरला. जाता जाता तिनं लेकाला एवढंच विचारलं, की हे सगळ्या कर्ण्यांतून वाजणार का. व्हय, तो म्हणाला. पुढं ह्यांच्या वयाची म्हातारीकोतारीच बसत्यात, ती म्हणाली.

मच्छिंद्रला रडू आलं नाही. रागही आला नाही. त्यानं चढाचं बटण उलटं, अगदी शेवटपर्यंत फिरवलं. थाप दिली. आवाज हळूहळू फुगत आला. आतून कुणी बाहेर आलं नाही.

विरणं

दिवस कलताना बब्रुवान आला. त्यानं रबरावर बोट मारलं आणि वाट पाहिली.

"म्हशीनं सुस्कारा टाकल्यावानी वाजतंय की. ठेका कुठाय?"

"जमलं न्हाय."

"परवापर्यंत जमंल का?"

"न्हाय."

बब्रुवाननं बटणांकडं पाहिलं, एकाला हात लावला. मच्छिंद्रनं त्याचा हात धरला. जोरात नाही, नुसता धरून ठेवला. बब्रुवाननं हात मागं घेतला. नळदुर्गाचा ढोलकीवाला मोकळा आहे का ते बघतो म्हणाला आणि एस.टी. गाठायला निघून गेला.