अंगावर शिवलेला कोट

शिंपीकाकांची लेक उंचावरच्या वाळवंटी शहरात राहायची. तिथे म्हणे दुपारी डोक्यावरच्या टोपीला आपोआप इस्त्री बसे आणि रात्री शिंक गोठून खाली पडे. काका-काकू नव्या नातीला पहिल्यांदा कडेवर घ्यायला निघाले, पण काकूंनी सगळी बॅग बाळाच्या लोकरीच्या कपड्यांनीच भरली.

"अगं, माझे कपडे?"

"घाला की अंगावर!"

काकांनी होते नव्हते ते सगळे चढवले. वरच्या कोटाची बटणं लागेनात, तेव्हा त्यांनी तो अंगावरच शिवून टाकला.

"अहो, कोपरं तरी वाकतात का? नातीला उचलणार कशाने, दातांनी?"

काकांचा चेहरा पडला. त्यांनी कात्री घेऊन टराटरा कोट उसवला, आतले थर उतरवले आणि एका सदऱ्यात दाराबाहेर पडले.

"थंडी वाजली तर तिलाच छातीशी धरीन. चल लवकर!"