पाठीला टेकलेला कान

पाठीला टेकलेला एक गरम कान.

दप्तराच्या कप्प्यात, कंगव्याशेजारी, निळा पंप.

मंचरच्या मैदानावर बाजाराकडून उडत आलेला कांद्याचा पापुद्रा.

चष्म्याची लागते तेवढीच सवय.

‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत ऋतिकाने मध्यरेषा ओलांडली. शेवटची चढाई, डिंभे आणि आळे, दोन्ही शाळांचे गुण सारखे. आळ्याच्या एका मुलीला पाय लावून ती वळली, तोच त्यांची कॅप्टन तेजस्विनी हिने मागून कंबरेला मिठी घातली. ऋतिका जागीच खिळली. छाती आवळत गेली. आवाज आटून जेमतेम पंचांना ऐकू जाईल एवढाच उरला होता. मग कशी कोण जाणे, मिठी सुटली आणि ती रेषेवर पालथी पडली.

डिंभ्याच्या मुली नाचू लागल्या. ऋतिका ओणवी होऊन हवा ओढत राहिली. वैजयंती मॅडमनी पाणी दिलं आणि नेहमीचंच बोलल्या: पोरीचा दम कमी पडतो, उद्यापासून मैदानाला जादा फेऱ्या. तेव्हा तेजस्विनी जवळ आली.

“हिला पळवू नका, मॅडम. हिच्या छातीत शिट्टी वाजती. आमच्या बारक्या आदेशच्या वाजायची तशी. दवाखान्यात दाखवा.”

“हारली म्हणून बोलती व्हय गं?”

डिंभ्याच्या मुलींतून टोमणा कुणी मारला हे तेजस्विनीने वळूनही पाहिलं नाही.

दवाखान्यात कळलं, हा दमाच, पळालं की उठणारा. खेळायच्या आधी श्वासाचा पंप घ्यायचा, खेळ सोडायचा नाही. ऋतिकाचे वडील सोमनाथ, जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. पंपाची सवय लागेल म्हणून धास्तावले. चष्म्याची लागते तेवढीच, असं म्हणत डॉक्टर हसले. त्यांनी ऋतिकाला थोडं पळून यायला लावलं आणि तिच्या पाठीला नळी टेकवली.

“वाजतेय शिट्टी. लांबून नाही कळत ही, कान लावावा लागतो.”

ऋतिकाचा हात आपसूक पाठीकडे गेला. मिठी सुटण्याआधी तेजस्विनीचा कान तिथेच लागला होता.

यंदा पुन्हा मंचर, समोर पुन्हा आळे. पंपाचे फवारे घेऊन ऋतिका मैदानात आली आणि थेट तेजस्विनीपुढे उभी राहिली. तिने तिचा हात धरला.

“या टायमाला सोडू नको,” ऋतिका म्हणाली.

“सोडतीय व्हय? लई घट्ट धरीन.”

दोघी हसल्या. शिट्टी झाली, पंचांची.

गेल्या वर्षी त्या सामन्यानंतर तेजस्विनीचं कॅप्टनपद गेलं होतं.