कासिल्दा रस्त्यावर बसली तेव्हा

त्या पांढऱ्या, बिनखिडक्यांच्या इमारतीत फेर्मिन पहारेकरी म्हणून लागला, तेव्हा त्याच्या आईने, कासिल्दाने, गल्लीभर मक्याच्या पिठाचे गोड तमाले वाटले. मी शेजारीण, मीही खाल्ले. आत काय चालतं हे फेर्मिनलाही नीट सांगता यायचं नाही. "जगभरच्या लोकांचे फोटो नि प्रश्न मशिनींत ठेवतात," तो म्हणायचा. "आणि त्या मशिनी तापतात, म्हणून पाण्याने सारख्या गार करतात."

पुढच्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीचा पंप नुसती हवा ओढू लागला. दिवे जायचे ते आमचे. इमारत लखलखत असायची. कंपनीची माणसं शाळेत सभा घ्यायला आली. म्हणाली, याच्याशी आमचा संबंध नाही, दुष्काळ पडलाय.

"दुष्काळ पडलाय हे आम्हाला सांगायला एवढ्या लांबून आलात?" फेर्मिनची थोरली बहीण ओतीलिया म्हणाली. सगळे हसले. पण दुसरी इमारत उठणार असं त्याच सभेत कळलं, आणि कुणाला हसू येईना.

सिमेंटचे ट्रक यायचे होते त्या सकाळी आम्ही बायका रस्ता अडवून बसलो. कासिल्दाला खाली बसवत नाही, तिने घरून खुर्ची आणली. कंपनीच्या साहेबाने तिला उठवायला मुद्दाम फेर्मिनलाच पाठवलं.

"आई, ऊठ ना. सगळे बघतायत."

"बघू देत. आधी नळाला पाणी आणा म्हणावं."

"हात तर लावून बघ तिला!" ओतीलिया ओरडली.

"ताई, मी नाही उचललं तर पोलीस उचलतील. ते फरफटत नेतात."

त्याने आईला खुर्चीसकट उचललं. "जपून रे, कंबर भरेल तुझी," ती म्हणाली. मेस्कितेच्या झाडाच्या सावलीत त्याने तिला ठेवलं. मग पोलिसांनी आम्हाला हटवलं आणि ट्रक गेले.

संध्याकाळी तो घरी आला. ओतीलियाने त्याच्यापुढची घेवड्याची ताटली ओढून घेतली. "साहेबाकडे जेव जा."

"ठेव ती खाली," कासिल्दा म्हणाली.

"मला वाटलं, तू माझ्या थोबाडीत देशील," फेर्मिन पुटपुटला.

"दिली असती. पडेन म्हणून खुर्ची घट्ट धरली होती."

तो हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. ओतीलिया उठून माझ्या घरी आली. त्या दिवसापासून ती भावाशी बोललेली नाही.

दुसरी इमारत उभी राहिली. आता कंपनीचा टँकर येतो. ओतीलिया ड्रायव्हरला शिव्या घालत बादल्या भरते. प्यायला दुसरं पाणीच नाही. फेर्मिन फाटकाजवळ खोली घेऊन राहतो.

काल तिसऱ्या इमारतीसाठी जमीन मोजायला माणसं आली. उद्या पुन्हा रस्त्यावर बसायचं आम्ही ठरवलं. आज दुपारी कासिल्दा म्हणाली, "उद्या पोलीस आधीपासूनच उभे असणार आहेत. म्हाताऱ्यांना आणू नका."

"तुला कुणी सांगितलं?" ओतीलियाने विचारलं.

"कुणी नाही."

ओतीलियाने एकदा फेर्मिनच्या फाटकाच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाली, "बरं. तू घरीच थांब."