झाकण माझं, हात डीकनचा

मी एक जुना पियानो आहे. माझ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या, दोन तर मुक्याच झाल्या. पण मित्रांनो, माझा राग अजून शाबूत आहे.

अमेरिकेत, जॉर्जियातल्या मेकन गावी, कापडगिरणीमागच्या चर्चमध्ये मी उभा होतो. कपडे धुणाऱ्या मॅटीबाईंची मुलगी वर्डेल लहानपणापासून मला वाजवायची. भजनाला ती असा ठेका द्यायची की म्हाताऱ्याही बाकांवरून उठून डोलत. चर्चचे कारभारी डीकन प्रुइट यांना ते खपत नसे.

वर्डेल सोळा वर्षांची होती. तालमीनंतर ती एकटीच वाजवत बसली असताना डीकन गरजले, "हे देवाचं घर आहे, दारूचा गुत्ता नव्हे!" आणि त्यांनी माझं झाकण तिच्या बोटांवर आदळलं. डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली.

लोकांना त्यांनी सांगितलं, "झाकण निसटलं. पियानोच खटारा!" वर्डेलने खरं सांगितलं, तर तीच खोटारडी ठरली. आणि मी गुन्हेगार! मला कोपऱ्यात ढकललं. माझ्या पोटात उंदरांनी घर केलं.

वाजवता येईना म्हणून वर्डेल उभी राहून गाऊ लागली. आधी रस्त्याकडेच्या नाचघरांत, मग तबकड्यांवर, मग रेडिओवर. तिच्या आवाजात आता धार होती. ती कुठून आली, हे मला ठाऊक होतं.

अठरा वर्षांनी वादळात चर्चचं छप्पर उडालं. डीकन तिला चर्चमध्ये बोलावून म्हणाले, "लेकरा, तू गायलीस तर सारा गाव लोटेल. वर्गणी जमेल, छप्पर उभं राहील."

"गाईन. पण आधी तुम्ही बोलायचं. भर सभेत. झाकण कोणी आदळलं ते."

"अगं, झालं गेलं..."

"मग उघड्यावर प्रार्थना करा."

रविवारी बाकं खच्चून भरली. डीकन पुटपुटले, "मी... मी आदळलं."

पहिल्या बाकावरून मॅटीबाई म्हणाल्या, "मोठ्यानं हो, डीकन. मागच्यांना ऐकू येईना."

त्यांना पुन्हा सांगावं लागलं. मग ते रडत म्हणाले, "मला माफ कर, पोरी."

"नाही," वर्डेल म्हणाली. "खाली बसा. मला गायचंय."

ती तासभर नाचघरातली गाणी गायली. छप्पर हवं होतं, म्हणून डीकनना उठून जाता आलं नाही. माझ्या गंजलेल्या तारा आपोआप झणझणत होत्या.

मित्रांनो, वाद्यं जपा; मुलांचे हात त्याहून जपा. आणि आपलं पाप मुक्या वस्तूवर ढकलू नका. एखादी वर्डेल परत येते.